भुयारी मार्गातले मासे

खासदारबाई सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: नणंदेचा उजवा कान.

तो कान कामातून गेला होता. डाव्याने आक्काला बरं ऐकू यायचं, अगदी नको ते सगळं ऐकू यायचं, पण उजवीकडून तोफ उडाली तरी पत्ता नाही. आणि आक्का रोज सकाळी रूळ ओलांडून भावाच्या घरी यायची तेव्हा भरधाव गाडी वळणावरून यायची ती नेमकी उजवीकडून.

आक्का रूळ का ओलांडायची, तर दुसरा रस्ता नव्हता म्हणून. पूर्वी तिथे फाटक होतं. गाडी आली की फाटक बंद व्हायचं, गेली की उघडायचं, लोक शिव्या घालायचे पण सुखरूप घरी पोचायचे. मग वाहतूक खात्याला सुधारणेची लहर आली. फाटक काढून टाकलं, रुळांच्या पलीकडच्या बाजूला वस्तीच्या तोंडावर भली मोठी भिंत बांधली, आणि लोकांनी ये-जा करावी म्हणून रुळांखालून भुयारी मार्ग खणला. खणताना खाली झरा लागला. झरा लागल्यावर शहाण्या माणसाने खणणं थांबवलं असतं. खात्याने उद्घाटन केलं. तेव्हापासून त्या मार्गात बारा महिने माणसाच्या छातीएवढं पाणी. एक पंप बसवला होता, तो जळला. लांबच्या पुलावरून वळसा घालायचा तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस मोडतो. म्हणून पलीकडच्या वस्तीतले लोक भिंतीला खोके लावून चढायचे, रुळात उतरायचे आणि जीव मुठीत धरून अलीकडे यायचे. दवाखाना अलीकडे, बाजार अलीकडे, आणि आक्काचा भाऊ अलीकडे.

आक्काचा भाऊ म्हणजे बाईंचा नवरा. अर्धांगाच्या झटक्याने त्याची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ मात्र वाचली होती, आणि पूर्वीपेक्षा जास्त चालत होती. बाई राजधानीत अधिवेशनाला गेल्या की त्याचं अंघोळपाणी, औषध, जेवण सगळं आक्का बघायची. बाईंनी हजारदा सांगून पाहिलं होतं की आपण माणूस ठेवू.

"माझ्या भावाला परक्याच्या हातात देऊ?" आक्का म्हणायची.

"मग आमच्याकडेच राहायला या ना!"

"आलेच की. आठ दिवसांत आपलं दोघींचं कडाक्याचं भांडण होईल, मग त्याच्याकडे कोण बघेल? मी माझ्या घरी बरी. तू तिकडे बोल, मी इकडे चढते."

हे 'तू तिकडे बोल, मी इकडे चढते' बाईंना सुईसारखं टोचायचं. खरंच होतं ते. बाई देशाच्या सभागृहात गादीच्या बाकावर बसू शकत होत्या, कारण साठी उलटलेली एक बाई रोज भिंत चढत होती. कधीतरी एक दिवस बाकावर बसल्या बसल्याच फोन येईल, या भीतीने त्यांना भाषणं धड ऐकू यायची नाहीत.

तर त्या दिवशी कितीतरी खटपटींनंतर त्यांचा विषय कामकाजात लागला होता. बाई खासदार होण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, सभागृहातही तेच नाव चिकटलं होतं. त्या बोलल्याही वर्गात बोलल्यासारख्या, सावकाश आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा. फाटक, भिंत, झरा, जळलेला पंप, सगळं सांगितलं. नणंदेचा कान सांगितला नाही, कारण घरचं गाऱ्हाणं सभागृहात मांडणं त्यांना प्रशस्त वाटेना.

वाहतूकमंत्री उठले. या गृहस्थांना कुठलाही प्रश्न विचारा, ते आधी मान डोलवायचे, मग चष्मा काढायचे आणि मग काहीही न सांगता खाली बसायचे. "माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "या बाबतीत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

आणि बाई म्हणाल्या, "आभारी आहे."

तोंडातून निघून गेलं. जन्मभर पोरांना शिकवलं होतं की कोणी काही दिलं तर आधी आभार मानायचे, मग बघायचं काय दिलंय ते. ती सवय आयत्या वेळी कशी सुटणार? आभार मानून त्या खाली बसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मदतनीस छापील कामकाज घेऊन आला. हा मनुष्य हुशार होता, पण वाईट बातमी सांगताना त्याला हसू यायचं आणि ते दाबायला तो खोकायचा. तो बराच वेळ खोकला.

"काय झालं ते बोला," बाई म्हणाल्या.

"बाई, इथे लिहिलंय, 'सदस्यांचे समाधान झाले. विषय निकाली.'"

"कोणाचं समाधान झालं?"

"तुमचं."

"माझं? मला कोणी विचारलं?"

"तुम्ही आभार मानलेत ना. इथे मंत्र्यांच्या उत्तरावर सदस्याने आभार मानले की समाधान झालं असं धरतात. जुने सदस्य म्हणून तर कधी आभार मानत नाहीत. ते नुसते गुरगुरत खाली बसतात."

"मग पुन्हा विचारते."

मदतनीस पुन्हा खोकला. "निकाली निघालेला विषय त्याच अधिवेशनात त्याच खात्याला परत विचारता येत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चांगल्या वळणाचा पश्चात्ताप झाला. संध्याकाळी फोनवर आक्काला सांगितलं तर आक्का म्हणाली, "म्हणजे मी भिंत चढते त्याबद्दल तू त्यांचे आभार मानलेस?" मागून नवऱ्याचा आवाज आला, "तिला म्हणावं, हारसुद्धा घाल!"

त्याच आठवड्यात आक्काचा पाय खोक्यावरून घसरला. घोटा सुजून टम्म झाला. दुसऱ्या दिवशी तोच घोटा फडक्याने आवळून ती पुन्हा भिंत चढली. बाईंना हे नवऱ्याकडून कळलं, आक्काने सांगितलंच नव्हतं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. खात्यावर राग, मंत्र्यावर राग, आक्काच्या हट्टावर राग आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या दोन शब्दांवर राग.

"त्याच खात्याला विचारता येत नाही ना?" त्यांनी मदतनिसाला विचारलं. "मग दुसऱ्या खात्याला विचारू. उद्या कोणाची चर्चा आहे?"

"मत्स्यव्यवसाय."

बाई विचारात पडल्या. भुयारी मार्गात मासे होते हे खरंच होतं. ओढ्याला पूर आला तेव्हा आले असावेत. पोरं तिथे गळ टाकून बसायची.

"लावा माझं नाव," बाई म्हणाल्या.

मत्स्यव्यवसायाच्या चर्चेला सभागृहात शुकशुकाट असतो. जे असतात ते जेवून आलेले असतात. बाई उठल्या आणि त्यांनी इतके दिवस गिळलेला सगळा राग टोमण्यात ओतला. "अध्यक्ष महोदय, आमच्या गावात वाहतूक खात्याने स्वखर्चाने एक सुंदर जलाशय बांधला आहे. त्याला छप्पर आहे, दोन्ही बाजूंना उतार आहे, आणि डोक्यावरून गाड्या जातात. अशी सोय जगातल्या कुठल्याही माशांना नसेल! लोक त्याला चुकून भुयारी मार्ग म्हणतात. माझा प्रश्न एवढाच आहे की या गुणी जलाशयाकडे मत्स्य खात्याचं अजून लक्ष कसं गेलं नाही?"

झोपलेले जागे झाले. हशा पिकला. पत्रकारांच्या सज्जातही कोणीतरी खो खो हसलं. बाईंना वाटलं, आता वाहतूकमंत्र्यांची चांगली शोभा होईल, उद्या सगळीकडे छापून येईल आणि पंप बसेल.

पण मत्स्यमंत्री हसले नाहीत. ते नवे होते, उत्साही होते आणि त्यांना अजून करून दाखवण्यासारखं काही सापडलेलं नव्हतं. ते वहीत टिपून घेत होते. उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी अत्यंत मोलाची सूचना केली आहे. सदर जलाशयाची आजच नोंद करण्याचे आदेश मी देतो, आणि मत्स्यबीज सोडायला मी जातीने येईन."

बाकं वाजली. या वेळी बाईंनी दात आवळून धरले, एक शब्द तोंडाबाहेर पडू दिला नाही. काही उपयोग झाला नाही.

"अहो, टोमणा होता तो!" त्या नंतर मदतनिसावर ओरडल्या. "एवढंही कळू नये माणसाला?"

"बाई, कामकाजात टोमणा छापायची सोय नाही. जे बोललात तेवढंच छापतात."

पुढचं सगळं भराभर झालं. सरकारी काम कधी नव्हे ते भराभर झालं, हाही एक उच्छादच. भुयारी मार्ग जलाशय म्हणून नोंदला गेला. दोन्ही तोंडांना पाट्या लागल्या: 'येथे पाणी उपसण्यास मनाई आहे.' वाहतूक खात्याच्या स्थानिक कार्यालयात पंप दुरुस्तीचा कागद कुठेतरी पडून होता; तिथला अभियंता आता सुटल्यासारखा मोकळा श्वास घेऊन म्हणाला, "आता आमच्या हातात काही राहिलं नाही. पाणी त्यांचं झालं." ज्या पाण्याला इतके दिवस कोणी वाली नव्हता, त्याला बाईंनी स्वतःच्या तोंडाने वाली मिळवून दिला होता.

गावात लोक बाईंना भेटायला येईनात. आले तरी बोलेनात. पलीकडच्या वस्तीतला न्हावी तेवढा स्पष्टवक्ता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही आता काहीच विचारू नका. विचारलंत की वाढतं."

बाईंना रडू आलं. नवऱ्याच्या पलंगाशेजारी बसून त्या खरोखरच रडल्या. "मी राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "मी घरी राहते. म्हणजे आक्कांना यायलाच नको."

"आणि वस्तीतल्या बाकीच्यांनी काय करायचं? सगळ्यांच्या घरी जाऊन राहणार आहेस का?" नवरा म्हणाला. मग उजव्या हाताने त्याने बाईंचा हात चाचपून धरला. तसा तो कधी धरायचा नाही.

मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ सुट्टीच्या दिवशी ठरला. अलीकडच्या तोंडाशी चिखल, म्हणून व्यासपीठ पलीकडच्या तोंडाशी घातलं. मंत्री येणार अलीकडून. त्यांना पुलाच्या वळशाने आणायचं तर कार्यक्रमाचा विचका होईल, आणि खोक्यावर तर चढवता येत नाही! मग कार्यालयांची पळापळ झाली. मांडववाल्याला बोलावलं. त्याने एका दिवसात भिंतीवरून लाकडी पायऱ्या उभारल्या: या बाजूने चढ, वर बसता येईल एवढा सपाट माथा, त्या बाजूने उतार, दोन्हीकडे धरायला कठडे, वर लाल पायघडी. रुळांपाशी एक झेंडेवाला नेमला. गळ्यात शिट्टी, हातात लाल आणि हिरवा झेंडा, कमरेला बोलण्याचं यंत्र. वळणापलीकडच्या स्टेशनाशी बोलून तो गाडी थोपवायचा आणि मगच माणसाला सोडायचा.

बाई सकाळी तिथे पोचल्या आणि बघतच राहिल्या. जे इतकी वर्षं होऊ शकत नव्हतं ते एका दिवसात झालं होतं, आणि ते एका माणसाने एकदा जावं आणि एकदा यावं एवढ्यासाठी.

समारंभ समारंभासारखाच झाला. मत्स्यमंत्री पायऱ्या चढून आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिशव्यांतून बोटाएवढे मासे पाण्यात सोडले. मंत्र्यांनी बाईंच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, तेव्हा बाईंना मातीत गडप व्हावंसं वाटलं. मागे वस्ती गुपचूप उभी होती. आक्का पुढेच उभी होती, घोट्याला फडकं, चेहऱ्यावर असा भाव की बाईंनी तिकडे बघायचंच टाळलं.

मंत्री पायऱ्यांवरून परत गेले. गाड्यांचा ताफा गेला. धूळ खाली बसायच्या आत मांडववाल्याच्या माणसांनी पायघडी गुंडाळली, खुर्च्या रचल्या, आणि मांडववाला हातोडी घेऊन पायऱ्यांपाशी आला.

"हे काय करता?" बाईंनी विचारलं.

"काढतो ना बाई. तात्पुरतंच होतं. दुसरीकडे लग्नाला लागणार आहेत."

"आणि हा झेंडेवाला?"

झेंडेवाला जवळच उभा होता. तो म्हणाला, "माझा हुकूम पायऱ्यांना जोडलेला आहे बाई. पायऱ्या उभ्या आहेत तोवर जागा सोडायची नाही, बदली माणूस येईल पण जागा रिकामी ठेवायची नाही. पायऱ्या निघाल्या की मी मोकळा."

"लेखी हुकूम आहे?"

"तर! लेखीशिवाय आमच्याकडे कोण हलतो?"

बाई पायऱ्यांकडे बघत राहिल्या. सभागृहात दिवस काढून त्यांना दुसरं काही नाही तरी एक कळलं होतं. या लोकांकडे काही सुरू करून घ्यायचं म्हणजे डोकं फोडून घ्यायचं. पण सुरू असलेली गोष्ट बंद करायलाही त्यांना तेवढंच जड जातं. त्या पायऱ्या चढल्या. वरच्या सपाट माथ्यावर गेल्या. आणि कठड्याला टेकून बसल्या.

मांडववाल्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. "पाणी आणू का?"

"नको. मी बसलेय."

"बसा ना, पण खुर्ची देतो खाली. हे काढायचंय."

"माझ्यासकट काढा," बाई म्हणाल्या.

मांडववाल्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. खासदाराला उचलून ठेवायचा अनुभव त्याला नव्हता. त्याने कार्यालयाला फोन लावला, कार्यालयाने वर लावला. तेवढ्यात मदतनीस धावत आला. त्याला खोकला नव्हता, म्हणजे त्याला खरंच हसू येत नव्हतं.

"बाई, तुमची राजधानीची गाडी! उद्या वाहतूक खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान आहे. पक्षाने बजावलंय, एकेक मत मोजून आहे."

"त्यांना सांगा, मी वाहतुकीच्याच कामात आहे."

"किती वेळ बसणार असं?"

"जागा चांगली आहे. वारा येतो." आणि मग त्यांचा आवाज चढला, वर्गात कधी चढला नसेल इतका. "मला कंटाळा आलाय हो! मी विचारलं, समाधान झालं म्हणाले. टोमणा मारला, मासे सोडले. आता मी काही विचारणार नाही नि काही बोलणार नाही. मी बसणार. ज्यांना मत हवंय त्यांनी इथे यावं, आणि या पायऱ्या कायमच्या राहतील असं झेंडेवाल्याच्या हुकुमावर लिहून द्यावं. तोवर हे लाकूड हलणार नाही."

वस्तीतले लोक थोडे थोडे जवळ आले. आधी कोणाला कळेना काय चाललंय. मग तो न्हावी पुढे झाला, पायऱ्या चढला, "जरा पाय आत घ्या बाई," म्हणाला आणि बाईंच्या शेजारून उतरून गेला. झेंडेवाल्याने यंत्रात काहीतरी विचारलं, वळणाकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि हिरवा झेंडा दाखवला. न्हावी रूळ ओलांडून अलीकडे पोचला. त्याच्या मागून पोर कडेवर घेतलेली एक बाई गेली. मग रांगच लागली. बाई अंग चोरून बसल्या होत्या आणि माणसं त्यांच्या गुडघ्यांना घासून जात होती.

सगळ्यात शेवटी आक्का आली. दुखरा पाय आधी टाकत, कठडा धरून, एकेक पायरी चढत. वर आल्यावर दम खात उभी राहिली.

"खुळी झालीस का?" ती म्हणाली.

"झाले."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही जा, घरी ते एकटे आहेत. त्यांच्यापाशी बसवलेली शेजारीण गेली असेल एव्हाना."

आक्का हलली नाही. तिने बाईंकडे पाहिलं, खाली रुळांकडे पाहिलं. "मला रोज वाटायचं," ती एकदम म्हणाली, "की आजच. रोज सकाळी घराला कुलूप लावताना वाटायचं. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच सगळं सोडून घरी बसली असतीस."

  बाईंनी आक्काच्या सुजलेल्या घोट्यावर हात ठेवला.

"सरक," आक्का म्हणाली. "भावाच्या औषधाची वेळ झाली."

ती उतरली. झेंडेवाल्याने तिच्या डाव्या बाजूला येऊन मोठ्याने सांगितलं, "थांबा आजी, गाडी आहे." आक्का थांबली. वळणावरून गाडी धडधडत आली, सगळ्यांचे कपडे फडफडवून गेली. मग हिरवा झेंडा वर झाला आणि आक्का सावकाश, लंगडत, अजिबात घाई न करता रूळ ओलांडून गेली.

पलीकडे मदतनिसाच्या फोनवर कोणीतरी मोठ्या आवाजात ओरडत होतं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. रुळांच्या अलीकडून आक्काने वळून दोन्ही हातांचा कर्णा केला.

"ए! जेवायला काय पाठवू?"

"काहीही!" बाई वरून ओरडल्या. "पण तुम्हीच घेऊन या!"